शस्त्रक्रियागृहामागची मोरी

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बंधूंच्या मांडीचे हाड मोडले आणि त्या निमित्ताने जिल्ह्याच्या गावातील एका मध्यम प्रतीच्या रुग्णालयात, ज्याचे नाव सांगण्याचे येथे काही प्रयोजन नाही, मला जे अकरा दिवस काढावे लागले, त्यांत शल्यविशारदांच्या हस्तकौशल्याविषयी माझा आदर वाढला हे मी प्रथमच नमूद करून ठेवतो; परंतु ज्या दृश्याने घरी परतल्यावरही मला स्वस्थ बसू दिले नाही, ते शस्त्रक्रियागृहाच्या आतले नव्हते. शस्त्रक्रियागृहाच्या मागच्या अंगास, जेथे ऑक्सिजनची रिकामी नळकांडी साखळीने बांधून उभी केलेली असतात आणि हिरवी कापडे वाळत घातलेली असतात, तेथे एक अरुंद मोरी होती. दोन नळ, एक स्टीलचे सिंक आणि वर एक पिवळट दिवा एवढाच तिचा सरंजाम. आणि त्या मोरीवर पन्नाशीच्या एक मावशी, कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून, तासाभरापूर्वी कोणाच्या तरी हाडात शिरून आलेली हत्यारे धूत उभ्या होत्या. थिएटरच्या मुख्य सिस्टर आमच्या दूरच्या नात्यातल्या निघाल्या, म्हणून मला दाराशी उभे राहण्याची परवानगी मिळाली.

मावशींच्या हातात तेव्हा वीतभर लांबीचे, मधून आरपार पोकळ असे ड्रिल बिट होते. मोडलेल्या हाडात प्रथम एक बारीक तार नेमक्या जागी घालावयाची आणि मग ती तार पोटात घेऊन हे पोकळ बिट तिच्यावरून पुढे न्यावयाचे, म्हणजे छिद्र वाकडे जात नाही, अशी ही मोठी युक्तीची योजना आहे. बिट बाहेरून देवघरातल्या पळीसारखे लखलखत होते.

"मावशी, आतून ब्रश सारलात का?" सिस्टरनी विचारले.

"सारला की सिस्टर, एकदा. पण ब्रशाचे केस गेलेत सगळे, नुसती तार उरलीय."

"पुन्हा सारा बघू, नळाखाली धरून."

मावशींनी ती झडलेली तार पुन्हा आत सारली. पलीकडच्या तोंडातून आधी तांबूस पाणी आले, आणि त्यामागून गव्हाच्या ओल्या कोंड्यासारखा, करड्या-लाल रंगाचा, बोटाच्या पेराएवढा एक लगदा बाहेर पडून सिंकच्या तळाशी जाऊन बसला. तो कोणाच्या तरी हाडाचा भुगा होता. सिस्टर माझ्याकडे पाहून काही बोलल्या नाहीत. मावशींनी बिट उलटे केले आणि तार दुसऱ्या बाजूने घातली.

ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या यंत्रात, टाकले की सारे शुद्ध झाले, अशी जी समजूत रुग्णांच्या नातेवाइकांत आणि कित्येक शिकल्यासवरलेल्या विश्वस्तांतही रूढ आहे, तिचा फोलपणा त्या लगद्याने मला एका क्षणात पटवला. तो आत राहिला असता तर यंत्रातील वाफेने शिजून घट्ट झाला असता, बिटाच्या आतील भिंतीला चिकटून बसला असता, त्याच्या पोटात दडलेल्या सूक्ष्मजीवांपर्यंत वाफ पोहोचली असती की नाही याची हमी कोणी देऊ शकला नसता, आणि तेच बिट दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या, कदाचित माझ्या बंधूंच्या, हाडाच्या गाभ्यात शिरले असते. निर्जंतुकीकरणाचा सारा हिशेब असे गृहीत धरून मांडलेला असतो की हत्यारावर मळ नाही आणि जंतूंची संख्या मुळातच थोडी आहे; ते गृहीतच खोटे असेल तर यंत्राने दाखविलेला आकडा खरा असूनही त्याचा उपयोग शून्य होतो.

अशा विषयावरील लेखाचा आरंभ सुश्रुताच्या एकशे एक यंत्रांनी आणि वीस शस्त्रांनी करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तो मी मोडतो, कारण त्या अभिमानाने आजच्या मोरीतले एकही बिट स्वच्छ होत नाही. निर्जंतुकीकरणाचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. ग्लासगोच्या इस्पितळात जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली, गाडीचे चाक अंगावरून जाऊन पाय मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली, आणि अशा अनेक रुग्णांचा वृत्तांत १८६७ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून शल्यकर्माचा नवा अध्याय सुरू झाला असे मानतात. परंतु आम्लाने जंतू मारण्यापेक्षा वाफेने मारणे अधिक खात्रीचे, हे पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी १८७९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ऑटोक्लेव्हने दाखविले. मौज अशी की त्या यंत्राचा पूर्वज एक स्वयंपाकाचे भांडे होते: दनी पापँ या फ्रेंच गृहस्थांनी सुमारे दोनशे वर्षे आधी, १६७९ साली, टणक हाडे शिजवून मऊ करण्यासाठी घट्ट झाकणाचे भांडे तयार केले होते, आणि तेच आपल्या घरोघरच्या कुकराचेही मूळ.

तेव्हा वाफेचे शास्त्र समजून घेण्यास कुकर हाच उत्तम गुरू. झाकण लावल्यावर नळीतून वाफेची धार सरळ येऊ लागेपर्यंत शिटी बसवू नये, हा जो जुना शिरस्ता आहे, त्यामागे गहन कारण आहे. भांड्यात आधी हवा असते. ती वाफेबरोबर निघून गेली नाही तर दाब पुरेसा दिसतो, पण उष्णता तेवढी चढत नाही. जंतू दाबाने मरत नाहीत, ते तापलेल्या ओल्या वाफेच्या स्पर्शाने मरतात. वाफ थंड धातूवर पाणी होऊन बसते, तेव्हा ग्रॅमगणिक सुमारे ५४० उष्मांक त्या धातूला देऊन टाकते, आणि कोरड्या हवेत हे औदार्य नाही. साध्या उकळत्या पाण्यात, म्हणजे १०० अंशांना, धनुर्वातासारख्या रोगांच्या जंतूंचे कवचधारी बीजाणू तग धरू शकतात. म्हणून १२१ अंशांवर पंधरा मिनिटे किंवा १३४ अंशांवर तीन मिनिटे अशी मर्यादा घालून दिलेली आहे. आणि हवा मात्र सदैव अशा जागी दबा धरून बसते जेथे आपले लक्ष नसते: यंत्राच्या तळाशी, गच्च बांधलेल्या गाठोड्याच्या पोटात, आणि पोकळ ड्रिल बिटाच्या नळीत.

ही अडकलेली हवा काय करू शकते, याचा एक दाखला इंग्लंडच्या दप्तरात कायमचा नोंदला गेला आहे. १९७२ च्या मार्च महिन्यात प्लिमथ येथील डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात शिरेतून द्यावयाच्या द्रवाच्या बाटल्या दूषित निघाल्या आणि पाच रुग्ण दगावले. चौकशीसाठी क्लॉथियर समिती नेमली गेली, आणि निष्पन्न झाले ते असे की आदल्या वर्षी कारखान्यात त्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये असताना तळाशी हवा साचून राहिली होती, त्यामुळे खालच्या बाटल्यांना पुरेशी उष्णता लागलीच नाही. यंत्राला जोडलेला नोंदणारा तापमापक तेव्हा इमानाने सांगत होता की पारा चढत नाही. पण तापमापकच बिघडला असावा असे मानून काम पुढे रेटण्यात आले. बाटल्या आणि ड्रिल बिटे यांचा मार्ग वेगळा असला तरी यंत्र एकच, आणि यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा मोहही एकच.

तो मोह मी आमच्या रुग्णालयातही पाहिला. मोरीच्या बाजूला ऑटोक्लेव्ह होता. त्याच्यापाशी खिळ्याला सुतळीने टांगलेली एक नोंदवही होती. आणि तिच्यात त्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेपर्यंत, एकाच शाईने, एकाच वळणात, '१२१' हा आकडा आणि त्यापुढे बरोबरची खूण भरलेली होती. त्या दिवशी तारीख होती एकोणीस. येणारे नऊ दिवस ज्याने आगाऊ निर्जंतुक करून ठेवले, त्या कारकुनी दूरदृष्टीला हसावे की रडावे हे मला कळेना. पण विचार करता ध्यानात आले की वहीला कोणी वाचक नव्हता. तपासनीस येतो तो वही आहे की नाही हे पाहतो, आणि वही होती.

आता जरा वेळेचा हिशेब मांडू, कारण माझ्या मते रोगाचे मूळ तेथे आहे. १३४ अंशांवर तीन मिनिटे पुरतात हे खरे, पण हवा काढणे, यंत्र तापणे, शेवटी सामान वाळणे हे सारे धरले तर एक फेरी पुरी व्हायला पाऊण तास ते तास लागतो, आणि हा तास कोणाच्याही हुकुमाने कमी होत नाही. शल्यविशारदांच्या यादीत दिवसाला चार शस्त्रक्रिया आहेत, हाडांच्या हत्यारांचे संच आहेत दोन, सबब तिसऱ्या रुग्णाला भूल देण्याची वेळ झाली की आतून निरोप येतो, "सेट झाला का? साहेब थांबलेत." यंत्राला घाई करता येत नाही, सर्जनला करता येत नाही, भूलतज्ज्ञाला तर नाहीच, म्हणून घाईचा सगळा भार उतरणीच्या पाण्यासारखा वाहत वाहत मोरीवर येऊन थांबतो. सारणे तीनदा व्हावयाचे ते एकदा होते. आठवण म्हणून भिंतीला नियमांचा जो कागद चिकटवलेला असतो, त्यातले नियम मोडतात ते येथे.

आणि हे धुणे म्हणजे काही भांडी घासण्यासारखे मामुली काम नव्हे, किंबहुना भांडी घासण्याइतके जरी शहाणपण त्याला लावले तरी पुष्कळ. अंड्याचे भांडे गरम पाण्यात टाकले की पांढरे चिकटून बसते हे जिला ठाऊक आहे, तिला रक्त प्रथम थंड पाण्यानेच का काढावयाचे हे निराळे शिकवावे लागत नाही, कारण रक्तातील प्रथिनेही गरम पाण्याने तशीच गोठतात. हत्यारे शस्त्रक्रिया चालू असताना सलाईनच्या वाडग्यात बुडवून ठेवण्याची जी सोयीची सवय काही ठिकाणी आहे, ती मिठाच्या पाण्याने उत्तम पोलादालाही बारीक खड्डे पाडते, आणि पुढे त्या खड्ड्यांतच मळ घर करतो. कात्री उघडून धुवावी, चिमट्याच्या सांध्यात ब्रश जावा, ड्रिल बिटाच्या नागमोडी खाचा एकेक करून पाहाव्यात, रक्त वाळण्याच्या आत काम सुरू व्हावे, आणि शेवटी दिव्याखाली, जमल्यास भिंगाने, हत्याराकडे कोणीतरी टक लावून पाहावे. पाहणे हा शब्द मी मुद्दाम वापरतो. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे २००९ साली एका रुग्णालयात सांध्यांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर सात रुग्णांना जंतुसंसर्ग झाला. शोध घेता घेता शेव्हर नावाच्या, वेगाने फिरणाऱ्या हत्याराच्या दांड्यात बारीक कॅमेरा घालून पाहिले, तेव्हा निर्जंतुक होऊन बाहेर आलेल्या त्या दांड्यात मांसाचे कण उरलेले आढळले. जो देश यंत्रांवर आपल्या कैक पटींनी पैसा ओततो, तेथे नळीच्या आत कोणी डोकावले नव्हते.

हाड कोरणाऱ्या मोटारीची, म्हणजे मूळ ड्रिलची, कथा त्याहून बिकट आहे. शस्त्रक्रियेसाठीच बनविलेले ड्रिल वाफेत घालता येते. त्याची बॅटरी पुष्कळदा वाफ सोसत नाही, म्हणून निर्जंतुक ड्रिलला निर्जंतुक कडे लावून, त्यातून बाहेरच्या माणसाने हात न लागू देता बॅटरी आत सोडावयाची, अशी बारीक तजवीज त्यात असते. पण अशा ड्रिलची किंमत ऐकून लहान रुग्णालयाच्या विश्वस्तांची छाती दडपते, आणि मग सुताराकडे असते तसले ड्रिल बाजारातून आणून, त्यावर निर्जंतुक कापड गुंडाळून, त्याने हाड कोरले जाते. हे आपल्याकडेच घडते असे नाही, आफ्रिकेतील गरीब देशांतूनही घडते. या सर्जनांना दोष देण्यास मी तयार नाही. हाड मोडलेला माणूस समोर पडला असताना बाजारातले ड्रिल वापरणे हे त्याला तसाच ठेवण्यापेक्षा निःसंशय बरे. प्रश्न आहे तो प्रामाणिकपणाचा. कॅनडातील व्हँकूव्हरच्या विद्यापीठातील काही अभियंत्यांनी युगांडातील सर्जनांबरोबर काम करून अशा साध्या ड्रिलसाठी वाफेत निर्जंतुक होणारी, पुन्हा पुन्हा वापरता येणारी घट्ट पिशवी आणि तिला जोडलेला, बिट पकडणारा चक तयार केला. त्या योजनेचे मला विशेष कौतुक वाटते, कारण ती कबूल करते की आतली मोटार निर्जंतुक नाही, आणि म्हणून तिच्या आणि रुग्णाच्या मध्ये भिंत उभी करते.

याच्या उलट आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे फॉर्मेलिनच्या गोळ्यांचा डबा. जे वाफेत जात नाही ते रात्रभर त्या डब्यात ठेवावयाचे, सकाळी डोळे चुरचुरविणारा वास आला की निर्जंतुकीकरण झाले असे समजावयाचे. १९७७ साली झुरिकहून प्रसिद्ध झालेला वृत्तांत या डब्यावर विसंबणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. मेंदूत बसविलेल्या चांदीच्या तारा अल्कोहोलने आणि फॉर्मल्डिहाइडच्या वाफेने शुद्ध करून पुन्हा वापरल्या, आणि क्रॉइट्झफेल्ट-याकोब नावाचा मेंदूचा असाध्य रोग दोन तरुण रुग्णांना जडला. पुढे त्याच तारा, दोन वर्षांहून अधिक काळ फॉर्मल्डिहाइडच्या वाफेत राहिल्यानंतर, एका चिंपांझीच्या मेंदूत बसविल्या, तेव्हा त्यालाही तो रोग झाला. तो रोग दुर्मीळ आहे, आणि त्याचे कारण सामान्य जंतूंपेक्षा कितीतरी चिवट आहे, हे मान्य. पण वास येतो म्हणून शुद्धी झाली, हा तर्क त्या तारांनी कायमचा निकालात काढला.

यावर कोणी म्हणेल की मग सारी हत्यारे एकदा वापरून फेकून द्यावीत, म्हणजे मोरीच नको. हा विचार श्रीमंत इंग्लंडनेही करून पाहिला. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी २००१ साली तेथे एकदाच वापरावयाची हत्यारे सक्तीची केली गेली; ती हलक्या प्रतीची निघाली, रक्तस्रावाचे प्रमाण वाढले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो हुकूम मागे घ्यावा लागला. उत्तम पोलादाचे हत्यार शेकडो वेळा वापरणे ही गरिबाची लाजिरवाणी काटकसर नाही. ती योग्य रीत आहे, मात्र तिची किंमत मोरीवर मोजावी लागते. आपण ती किंमत हत्याराच्या बिलात वाचवतो आणि मोरीच्या बिलातही वाचवतो, म्हणजे एकच रुपया दोनदा खिशात घालतो.

आणखी एक प्रकार मी पाहिला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या बंधूंच्या मांडीत जी सळई बसविली, तिचा संच रुग्णालयाचा नव्हताच. सकाळी सात वाजता एक तरुण मोटारसायकलवरून, मागे दोरीने बांधलेल्या निळ्या पेटीत तो घेऊन आला. आदल्या संध्याकाळी तोच संच दुसऱ्या गावी वापरला गेला होता, आणि आमची शस्त्रक्रिया दहाची होती. तो तरुण भला होता. पेटीत काय काय आहे ते त्याने न अडखळता सांगितले. "धुऊन आणलाय साहेब, तिकडे धुतलाय," एवढीच खातरजमा त्याच्याजवळ होती. कोणी धुतला, कोणत्या ब्रशाने, किती वेळ, हे सांगणारा एक कागदाचा चिटोराही नव्हता. इतक्या महागाच्या वस्तूबरोबर जीएसटीचे बिल येते, धुण्याचा दाखला येत नाही. सिस्टरनी सगळा संच पुन्हा मोरीवर घेतला आणि शस्त्रक्रिया साडेअकराला सुरू झाली. त्या दीड तासाबद्दल त्यांना आतून दोन वेळा बोलणी खावी लागली, हे मी दाराशी उभा राहून ऐकले. आमचे बंधू आज काठीशिवाय चालतात, त्यात त्या दीड तासाचा वाटा किती हे कोणी सांगू शकणार नाही, आणि तेच या कामाचे दुर्दैव आहे: ते नीट झाले तर काहीच घडत नाही.

खाजगी रुग्णालयांची नोंदणी आपल्या राज्यात १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते आणि नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला आत जाऊन पाहण्याचा अधिकार आहे. त्या अधिकाऱ्याने एकदा ऑटोक्लेव्हची नोंदवही बाजूला ठेवून मोरीपाशी जावे, एक पोकळ बिट उचलून त्यातून पांढरी तार किंवा कापसाचा धागा ओढावा, आणि तो कोणत्या रंगाचा निघतो ते पाहावे. हाडांचा बाहेरून आलेला संच आदल्या दिवशी पोहोचलाच पाहिजे, नाही तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, हा नियम सर्जनांनी स्वतःच घालून घेतला तर सर्वांत बरे. बीजाणूंची चाचणी-कुपी दर आठवड्याला यंत्रात घालून तिचा निकाल वहीत चिकटवावा, म्हणजे वही आगाऊ भरण्याची सोय उरत नाही. आणि मोरीवरच्या माणसाला रोजंदारीवर न ठेवता पद द्यावे, शिक्षण द्यावे, आणि आतून "सेट झाला का" असा निरोप आला असता "नाही, अजून वीस मिनिटे" असे उत्तर देण्याचा अधिकार द्यावा. हा शेवटचा अधिकार इतर सर्वांपेक्षा महाग आहे, कारण तो पैशाने विकत घेता येत नाही. त्यासाठी साहेबांना थांबावे लागते.

निघण्याच्या दिवशी मी मावशींचा निरोप घ्यायला मागे गेलो. नव्या ब्रशांची मागणी भांडार विभागाकडे तीन महिन्यांपूर्वी गेली होती. तिचा कागद त्यांनी मला सिंकवरच्या फळीवरून काढून दाखविला, पाण्याने अर्धा पुसलेला, वर सिस्टरांची सही, खाली मंजुरीची जागा कोरी. तोवर त्यांनी एक तोड काढली होती. झडलेल्या तारेच्या टोकाला दोऱ्याने गाजाची चिंधी बांधून ती त्या नळीतून ओढत होत्या, आणि दर वेळी चिंधी काढून दिव्याखाली धरून बघत होत्या.